बेत सगळ्यात हळू चालणाऱ्याचा
प्रवासाच्या तयारीबद्दल वाचकांचे प्रश्न

रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे मी ३१ वर्षं बसले. निवृत्तीनंतर नागपूरच्या आमच्या अजनी भागातल्या बायकांना घेऊन वर्षातून दोन सहली काढते. या महिन्यात आलेल्या पत्रांतल्या चार पत्रांना इथे उत्तरं देते आहे.

प्रश्न : दिवाळीनंतर चार दिवस पचमढीला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, सातवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि सासू-सासरे. सासरे ७४ वर्षांचे आहेत, त्यांना दोन वेळा इन्सुलिन लागतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. गाडी घरचीच आहे. तयारी कुठून सुरू करू? (एक शिक्षिका, मानेवाडा)

उत्तर : बॅगेपासून नाही, सासूबाईंच्या गुडघ्यांपासून सुरू करा. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या सासूबाईंना आम्ही पचमढीला नेलं, तेव्हा जटाशंकरच्या गुहेत सगळे पायऱ्या उतरून गेलो आणि त्यांना वर एका दगडावर बसवून गेलो. आमच्या पिशव्या त्यांच्या मांडीवर. दीड तासाने वर आलो तर पिशव्यांचे बंद मुठीत घट्ट धरून त्या तशाच बसलेल्या. "झालं का तुमचं?" एवढंच म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून माझा बेत सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीने ठरतो.

पचमढीत जटाशंकर आणि बी फॉलचा धबधबा, दोन्हीकडे बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात आणि तेवढ्याच परत चढाव्या लागतात. चौरागडाच्या तर हजारावर पायऱ्या आहेत. आपल्याकडचे भाविक खांद्यावर त्रिशूळ घेऊन महाशिवरात्रीला तिथे जातात, पण ती श्रद्धेची चाल आहे, आजारी गुडघ्यांची नाही. म्हणून सकाळी तुमचे यजमान आणि मुलं बी फॉलला जाऊ देत. तुम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन तलावावर बसा, दुसऱ्या दिवशी अदलाबदल करा. संध्याकाळचं धूपगड मात्र सगळ्यांनी मिळून बघायचं. सातपुड्यातलं ते सगळ्यात उंच शिखर, साधारण १,३५० मीटर, आणि तिथे जीप पार वरपर्यंत जाते. स्वतःची गाडी तिथे चालत नाही, स्थानिक जीपच करावी लागते. ती मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्या पोचल्या ठरवून टाका. सूर्य बुडाला की वारं झोंबायला लागतं. स्वेटर आणि कानटोप्या हातातल्या पिशवीत हव्यात, हॉटेलात ठेवलेल्या बॅगेत नकोत.

आता इन्सुलिन. औषधांची पिशवी वेगळी, लहान, आणि ती एका माणसाच्या खांद्यावर. डिकीत कधीच नाही. रामेश्वरला जाताना मी सासऱ्यांची औषधं मोठ्या ट्रंकेत भरली होती आणि ती ट्रंक दुसऱ्या गाडीवर गेली. ती गाडी रात्री ११ वाजता आली. तोवर मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले होते. चूक माझीच होती. इन्सुलिनला ऊनही चालत नाही आणि बर्फही चालत नाही. गोठलं तर ते फेकूनच द्यावं लागतं. थर्मासमध्ये बर्फाचे तुकडे टाका आणि कुपी कोरड्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवा, म्हणजे बर्फाला थेट टेकणार नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ती पाच मिनिटंही सोडू नका. जेवणाआधीची सुई असेल तर ताट समोर आल्याशिवाय टोचायची नाही. धाब्यावर "दहा मिनिटांत देतो" म्हणतात आणि पाऊण तास जातो. सुई आधी झालेली असली तर साखर खाली येते. घाम, थरथर, चिडचिड दिसली की लगेच साखरेचं पाणी द्यायचं, म्हणून ग्लुकोजची पुडी पुढच्या सीटजवळ ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या, तिचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या, आणि औषधं चार दिवसांची असतील तर सात दिवसांची घ्या.

नागपूरहून रस्ता सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया असा, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी ६ ला निघा आणि दर दोन तासांनी सगळ्यांना खाली उतरवून चार पावलं चालवा. सासऱ्यांच्या पायांना सूज येऊ नये म्हणून हे आहे, नुसत्या चहासाठी नाही. घाटात मुलीला गाडी लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, ती घाटाच्या निदान अर्धा तास आधी द्यायची असते. रिकाम्या पोटी नेऊ नका आणि पोट फुटेस्तोवर खाऊही घालू नका. तिला मोबाईल बघू देऊ नका, समोर लांब बघायला सांगा. दिवाळीनंतर त्या रस्त्याला संत्री असतात. सालीचा वास घेतला की माझी मळमळ कमी होते, मुलीलाही बरं वाटेल. डब्यात दुधातल्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि जवसाची चटणी घ्या. बटाट्याची ओली भाजी नको, दुपारपर्यंत आंबते.

प्रश्न : वय ५२. यजमानांना प्रवासाची आवड नाही. मुलगी २६ वर्षांची, ती येईन म्हणते. कन्याकुमारीपर्यंत रेल्वेने जायची इच्छा आहे. खालचा बर्थ कसा मिळवायचा? आणि ज्येष्ठांची सवलत ५८ व्या वर्षी लागते ना, तोवर थांबू का? (एक गृहिणी, सक्करदरा)

उत्तर : थांबू नका. ती सवलत मार्च २०२० पासून बंद आहे आणि अजून सुरू झालेली नाही. खालच्या बर्थचा कोटा मात्र तुम्हाला आजच लागू आहे. बायकांना वयाच्या ४५ पासून आणि पुरुषांना ६० पासून तो मिळतो. हे फार कमी जणींना ठाऊक असतं. खिडकीवर मी हे सांगायची तेव्हा समोरच्या बाईचा चेहरा उजळायचा. अट एकच : त्या तिकिटावर तुम्ही एकट्या असायला हव्यात, किंवा कोट्यात बसणारी दुसरी व्यक्ती. मुलीचं नाव त्याच तिकिटावर टाकलं की कोटा जातो. म्हणून तुमचं तिकीट वेगळं काढा आणि मुलीचं वेगळं, त्याच दिवशी, लगोलग. डबा एकच येईल याची खात्री नाही, पण रात्री वर चढायची वेळ येण्यापेक्षा ते बरं.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. आधी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. जुन्या हिशेबाने बसाल तर गोंधळ होईल. ऑनलाइन काढणार असाल तर खात्याला आधार जोडून घ्या, तत्काळला ते लागतंच. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता. पण तत्काळच्या भरवशावर कन्याकुमारी ठरवू नका. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही.

आणखी दोन गोष्टी. तिकिटावर स्टेशन कोणतं आहे ते बोट ठेवून वाचा. अजनीहून सुटणाऱ्या गाडीसाठी लोक मुख्य स्टेशनवर उभे असतात. दुसरं, गाडी रात्री १२ वाजून २० मिनिटांची असेल तर तारीख बदललेली असते. १४ तारखेचं तिकीट म्हणजे १३ च्या रात्री घरून निघायचं. एक कुटुंब नव्या कपड्यांत, हार घातलेल्या आजोबांसह माझ्या खिडकीशी आलं होतं. त्यांची गाडी आदल्या रात्रीच गेली होती. मी काही करू शकले नाही, आणि ते आजोबा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. प्रवासात काही अडलं तर रेल्वेचा मदतीचा नंबर १३९ लावा.

प्रश्न : आम्ही पाच मित्र मे महिन्यात ताडोबाला जाणार आहोत. उन्हात वाघ दिसतो म्हणतात. काय घ्यायचं? (एक वाचक, हिंगणा)

उत्तर : पाणी आटलं की जनावर पाणवठ्यावर येतं, म्हणून मे महिन्यात दिसायची शक्यता वाढते हे खरं. पण बाबांनो, तुम्हाला पारा ४५ च्या पुढे असलेल्या उघड्या जिप्सीत तासन्‌तास बसायचंय. मंगळवारी उद्यान बंद असतं, तो दिवस आधी कॅलेंडरवर खोडा. आरक्षण करताना ज्याचं जे ओळखपत्र लिहिलं तेच, मूळ, प्रत्येकाने न्यायचं. गेटवर नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, मोबाईलला बंदी आहे, तेव्हा फोटो काढायचे तर कॅमेरा घ्या आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा.

सुती, मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, डोकं-कान झाकणारा ओला करता येईल असा दुपट्टा, आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी. खिशातला कांदा ऊन लागण्यापासून वाचवत नाही. कैरीचं पन्हं, ताक, मीठ-साखरेचं पाणी वाचवतं. ओआरएसची पुडी घेतली तर तिच्यावर लिहिलं असेल तेवढंच पाणी मोजून घाला, अंदाजे नाही. आणि हे नीट वाचा : एखादा मित्र बरळायला लागला, अंग तापलं आणि नीट बोलेनासा झाला, तर वाघ राहू द्या. गाईडला सांगून जिप्सी वळवा, त्याला सावलीत आडवा करा, अंग ओल्या कपड्याने पुसत राहा आणि दवाखाना गाठा. पाचांपैकी कोणाला बीपीच्या गोळ्या चालू असतील तर तो आपणहून सांगणार नाही. निघण्याआधी विचारा.

प्रश्न : दहा दिवस घर बंद राहणार. कशाची काळजी घ्यावी? (एक वाचक, महाल)

उत्तर : गॅसचं रेग्युलेटर बंद, पाण्याचा मुख्य कॉक बंद, फ्रिज रिकामा. कूलरची टाकी पूर्ण ओतून कोरडी करा, साचलेल्या पाण्यात डास होतात. तुळशीसाठी उंचावर पाण्याची बादली ठेवा आणि जाड सुती दोरीचं एक टोक पाण्यात, एक कुंडीतल्या मातीत खोचा. मोठी कुंडी दहा दिवस निघते, लहान असेल तर शेजारच्या काकूंकडे द्या. दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला परतायची तारीख सांगा. किल्ली शेजारी द्या, पण दारावरच्या चपलांच्या कप्प्यात ठेवू नका.

आणि परतायला रात्र होणार असेल तर निघायच्या दिवशीच डाळ-तांदूळ मोजून एका डब्यात ठेवून जा. मी त्यात हळद-मीठही घालून ठेवते, आल्यावर नुसतं धुतलेलं पातेलं चढवायचं.