आई किंवा वडिलांना अल्झायमर झाल्यावर भरवशाचे मार्गदर्शन कोठे मिळते?

निदान नुकतेच झाले असेल, तर सुरुवात मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्यापासून करावी. थायरॉईडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य यांतही विस्मरण दिसते व ते उपचारांनी सुधारू शकते, त्यामुळे ही कारणे तपासली गेली आहेत ना, हे स्पष्टपणे विचारावे. औषधांची माहिती डॉक्टर देतील. मात्र तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला गेल्यावर काय बोलावे, आंघोळीस नकार मिळाल्यास काय करावे, हे बहुधा रोज अशा रुग्णाला सांभाळणाऱ्यांकडूनच शिकायला मिळते. म्हणून काळजीवाहकांचा आधारगट अवश्य शोधावा. १९८४ मध्ये स्थापन झालेला ‘अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल’ हा निरनिराळ्या देशांतील शंभराहून अधिक संघटनांचा महासंघ असून त्याच्या संकेतस्थळावर आपल्या देशातील संघटना शोधता येते. आजार समूळ बरा करण्याची हमी देणाऱ्यांपासून (असे लोक हमखास भेटतात) दूर राहावे. तसा उपचार आज उपलब्ध नाही. बँकेचे व्यवहार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांविषयी वकिलाचा सल्ला घेणे मात्र बहुतेक कुटुंबे लांबणीवर टाकतात. हा सल्ला आई किंवा वडिलांना निर्णय समजून घेऊन स्वतःची इच्छा सांगता येते, तोवरच घ्यावा.