घरच्या प्रथमोपचार पेटीत काय ठेवावे? जखमेवर हळद भरलेली चालते का?

पेटीचे पुढे सांगतो, परंतु आपल्या प्रश्नातील हळदीवरून आमच्या घरात अनेक वर्षे वाद चालू आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

आमची शेती वाळवा तालुक्यात आहे. लागणीसाठी उसाचे बेणे तोडत असताना धाकट्या भावाचा कोयता निसटला आणि त्याच्याच डाव्या पोटरीत घुसला. थोरले चुलते, म्हणजे आमचे तात्या, यांनी वस्तीवरून हळदीचा डबा मागवून मूठभर हळद जखमेत भरली आणि गुडघ्याखाली सुतळी आवळली. हळद रक्ताबरोबर वाहून सरीत पडत होती आणि रक्त कमी होण्याऐवजी वाढतच होते. तेवढ्यात आईने सुतळी कापली, धुतलेल्या धोतराची जाड घडी जखमेवर ठेवली आणि दोन्ही तळहातांनी, अंगाचा भार देऊन, दहा-बारा मिनिटे एकदाही न उचलता दाबून धरली. पहिली घडी भिजली तेव्हा ती न काढता तिने वर दुसरी ठेवली. रक्त थांबले ते त्यानंतर.

रक्त हळदीनेच थांबले, असे तात्या आजही म्हणतात. मला ते मान्य नाही. दवाखान्यात टाके घालण्याआधी डॉक्टरांना ती हळद सलाइनने धुऊन कणाकणाने काढावी लागली, कारण तिच्याखाली जखमेची खोलीच दिसत नव्हती. भावाचे ते ओरडणे मी विसरलेलो नाही. हळदीच्या औषधी गुणांविषयी माझी तक्रार नाही, परंतु डब्यातील हळद निर्जंतुक नसते. सुतळीने वरवरच्या शिरा दबतात, खोलवरची रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी) मात्र वाहतच राहते, म्हणून रक्त उलट जास्त येते. हातापायाचे रक्त दाबूनही थांबत नसेल तरच जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर रुंद पट्टा करकचून आवळावा, वेळ लिहून ठेवावी आणि तो डॉक्टरांनीच सोडावा.

पेटीत निर्जंतुक गॉझचे भरपूर पुडे, 10 आणि 15 सेंटिमीटर रुंदीची रोलर बँडेजे, चिकटपट्टी, हातमोजे, कात्री आणि सलाइनची एक बाटली ठेवावी. कापूस थेट जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू आत चिकटतात. किरकोळ खरचटले तर नळाचे स्वच्छ वाहते पाणी पुरते. शेतातील माती आणि शेण यांत धनुर्वाताचे जंतू असतात. त्यामुळे जखम मळलेली असेल आणि शेवटच्या लशीला 5 वर्षे उलटून गेली असतील तर लस पुन्हा घ्यावी लागते.

मी डॉक्टर नाही, हे सांगायला हवे. शिवाय दाब देण्याचा हा नियम जखमेत काच किंवा लोखंड रुतलेले असताना जसाच्या तसा लागू होत नाही; तेव्हा ती वस्तू उपसू नये, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबावे आणि हात न काढता दुसऱ्या कोणाला तरी 108 वर फोन करायला सांगावे.