‘माझ्या लेकरानं काय लिहिलं ते दाखवा’

शाळेत मुलांच्या आरोग्याचं सर्वेक्षण झालं की पुढचे काही आठवडे माझ्याकडे एकच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी येते. असले प्रश्न विचारून लेकरांच्या डोक्यात नको ते भरत नाही का? आणि तिच्या पाठोपाठ, जरा खालच्या आवाजात : आमच्या पोरानं काय लिहिलं ते कळेल का? बीड जिल्ह्यात वयात येणाऱ्या मुलांसोबत काम करताना हे मी शिक्षकांकडून ऐकलं, शाळा समितीच्या सदस्यांकडून ऐकलं, आयांकडून तर सततच ऐकते. म्हणून एका कुटुंबाबद्दल लिहिते आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. बऱ्याच भेटींतलं मोजकंच बोलणं इथे घेतलं आहे.

मंदाताई आणि त्यांचे मालक ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे दिवाळी झाली की कोयता निघतो, कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. परत यायला गुढीपाडवा उजाडतो. नववीतला ओंकार तेवढे महिने गावात आजीजवळ असतो. त्या वर्षी त्या गावी परतल्या आणि शेजारच्या मुलाकडून त्यांना कळलं की शाळेत कागद भरून घेतले. दुसऱ्याच आठवड्यात त्या ओंकारला घेऊन माझ्यासमोर होत्या.

“मॅडम, शाळंत लेकरांना मरायचं इचारलंय. गुटख्याची पुडी खाता का, दारू पिता का, जीव द्यावा वाटला का. असलं कुणी इचारतं व्हय लेकरांना? माझ्या लेकरानं काय लिहिलं ते मला दाखवा.”

मी त्यांना आधी कागदाबद्दल सांगितलं. अशा प्रश्नावल्या कुणी एकानं बसून मनानं केलेल्या नसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2003 पासून शाळकरी मुलांच्या आरोग्याचं एक सर्वेक्षण अनेक देशांत सुरू केलं, आपल्याकडे ते 2007 मध्ये सीबीएसईच्या शाळांत झालं. युरोपात तर 1980 च्या दशकापासून दर चार वर्षांनी 11, 13 आणि 15 वर्षांच्या मुलांना विचारलं जातं. ओंकारच्या शाळेतला कागद याच धर्तीचा होता. काय खाता, हात कधी धुता, किती खेळता, किती वेळ बसून असता, मारामारी झाली का, कुणी छळतं का, जवळचे मित्र किती, एकटं वाटतं का. तंबाखू, दारू आणि जीव देण्याचा विचार हे त्यातले काही प्रश्न, पण घरी पोचतात ते तेवढेच. गेल्या 30 दिवसांत घरात पुरेसं अन्न नसल्यानं उपाशी राहावं लागलं का, हा प्रश्नही त्यात असतो. त्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही.

“आणि ताई, कागदावर नाव नसतं, हजेरी क्रमांक नसतो. ओंकारचा कागद कोणता ते शाळेलाही सांगता येणार नाही.”

“मग उपयोग काय त्याचा? माझ्या लेकराला काय झालंय ते मलाच कळणार नसंल तर?”

हा प्रश्न मला फार आवडला. शिकल्यासवरल्या लोकांनाही तो इतका नेमका विचारता येत नाही. मी म्हटलं, “महसूल मंडळाच्या ठिकाणी पाऊस मोजतात ना? मंडळात किती पडला ते त्यावरून कळतं, त्यावर अनुदान ठरतं. तुमच्या वावरात किती पडला ते मात्र तुम्हालाच जाऊन बघावं लागतं.” त्यांनी मान हलवली. पीकविम्याच्या खेपांमुळे हे गणित आमच्याकडे प्रत्येकाला तोंडपाठ आहे.

नाव नसतं म्हणूनच मुलं खरं लिहितात. 2019 मध्ये देशभरातल्या शाळांत 13 ते 15 वर्षांच्या मुलांना तंबाखूबद्दल असंच विचारलं होतं, तेव्हा 8.5 टक्के मुलांनी आपण तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. मुलगे 9.6 टक्के आणि मुली 7.4 टक्के. मुलींचा आकडा ऐकून सभेतले लोक चमकतात, पण सकाळी आईच्या डबीतून मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, घेऊन दात घासणारी मुलगी आपल्या गावांत कुणाला नवी आहे? बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी दहावा वाढदिवस यायच्या आत सुरुवात केली होती. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे. महाराष्ट्रात गुटखा 2012 पासून बंद आहे. तरीही आकडा हा आहे. प्रश्न मुलांना विचारलेले असतात, पण त्यांच्या उत्तरांतून आपण मोठी माणसं काय करतो आहोत ते कळतं. हात धुता का, याला मुलं ‘नाही’ म्हणाली तर शाळेत साबण आणि पाणी आहे का हे आधी बघावं लागतं.

मंदाताईंना मी विचारलं, “समजा कागद मिळाला असता. काय शोधलं असतं त्यात?”

बराच वेळ त्या पदराशी चाळा करत राहिल्या. “पुडी खातो का ते. याचे वडील खात्यात. मी मिश्री लावते. आम्ही तिकडं असताना याला कोण बघतं?”

राग सर्वेक्षणावर होता, पण त्याखालची भीती ही होती. माझी कामाची पद्धत अशी की मी एकट्या मुलाला ‘बिघडलेलं’ म्हणून तपासत बसत नाही. मूल ज्या घरात, ज्या नात्यांत वाढतं ते सगळं समोर मांडल्याशिवाय त्याच्या वागण्याचा अर्थ लागत नाही, असं मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. मंदाताईंना बाहेर बसवून मी ओंकारशी बोलले.

तू काय लिहिलंस, हे मी मुलांना कधी विचारत नाही. शाळेनं त्याला शब्द दिलेला असतो की हे कुणी वाचणार नाही, तो मी कसा मोडू? मी वेगळं विचारते, “त्यातला कोणता प्रश्न लक्षात राहिला?” मुलं ज्या प्रश्नाशी अडखळलेली असतात तो आपसूक सांगतात, आणि पुढचं बोलणं तिथून सुरू होतं. या एका वाक्यावर माझा मोठा भरवसा आहे.

ओंकार पुडी म्हणाला नाही, दारू म्हणाला नाही. “आईवडलांचा हाये त्यात. गेल्या 30 दिवसांत तुमच्या अडचणी, काळज्या आईवडलांना किती वेळा समजल्या. कधीच नाही, क्वचित, असं खाली दिलेलं व्हतं.”

“मग?”

“तो तसाच सोडला मी. कधीच नाई म्हणलं तर आईला कसं वाटंल. नेहमी म्हणलं तर खोटं. ते तर इथं नव्हतेच.”

नाव नसलेल्या कागदावर, आईला कधीही दिसणार नाही अशा कागदावर, त्या पोरानं आईला वाईट वाटू नये म्हणून जागा कोरी सोडली होती. आई कागद शोधत होती ते त्यानं काय खाल्लं हे बघायला, आणि त्याचं सगळं मन त्या कोऱ्या जागेत होतं. मी अनेक मुलांशी बोलले आहे, पण सर्वेक्षण म्हणजे काय हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं. आकड्यांत ती जागा ‘उत्तर नाही’ म्हणून जाते. घरासाठी तेच सगळ्यात मोठं उत्तर होतं.

जीव देण्याच्या प्रश्नाबद्दलही मी त्याला सरळ विचारलं. “तसं नाई वाटलं मला कधी. मी नाई म्हणून पुढं गेलो,” एवढंच तो म्हणाला. विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो ही भीती मोठ्यांची आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये दोन हजारांहून अधिक मुलांवर हे मुद्दाम तपासून पाहिलं गेलं. निम्म्यांना हा प्रश्न विचारला, निम्म्यांना नाही. 2005 मध्ये निष्कर्ष आला : ज्यांना विचारलं त्यांच्यात असे विचार वाढले नाहीत, आणि जी मुलं आधीच खचलेली होती त्यांना तर विचारल्यावर त्रास थोडा कमीच झाला. माझा अनुभव याहून वेगळा नाही. ज्याच्या मनात ते नसतं तो ओंकारसारखा पुढे जातो. ज्याच्या मनात असतं त्याला कुणीतरी विचारलं याचंच हलकं वाटतं.

ओंकारची परवानगी घेऊन मी मंदाताईंना आत बोलावलं. त्यानं ते कोऱ्या जागेचं स्वतःच सांगितलं, खाली बघत.

“रोज फोन करायचो की रे आम्ही,” त्या म्हणाल्या.

“तू इचारायचीस जेवला का, आजीनं गोळ्या खाल्ल्या का, शाळंत गेला का.”

“मग काय इचारू?”

तो गप्प. मीही गप्प राहिले. अशा वेळी मध्ये बोलायची फार घाई होते आपल्याला, ती आवरावी लागते. मग तो म्हणाला, “आजी रात्री लई खोकायची. मला वाटायचं ही मरती का काय. मरली तर मी काय करू, कुणाला बोलवू? झोपच येत नव्हती. शाळंत डुलक्या यायच्या, मग त्या पोरानं पुडी दिली, झोप उडती म्हणून. दोनदाच खाल्ली.”

मंदाताईंना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, आणि त्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच. त्या विचारत होत्या, “मला का नाई सांगितलं?” तो म्हणाला, “तू तिथून काय करणार व्हतीस?”

पुढच्या भेटींत आम्ही याच एका गोष्टीवर काम केलं : आई तिथून काय करू शकते. आजीला आरोग्य केंद्रात नेऊन खोकल्याची तपासणी करून घेतली. रात्री गरज पडली तर पहिला फोन आशाताईंना, मग 108 ला, हे ओंकारच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं. चुलत्याला समोर बसवून त्याच्याकडून शब्द घेतला. आणि फोनवर रोज एक प्रश्न वाढवायचा ठरलं : “आज कशाची काळजी वाटली?” पहिले काही दिवस ओंकार “कशाचीच नाई” म्हणाला. मंदाताईंनी विचारणं सोडलं नाही, आणि हे श्रेय पूर्ण त्यांचं.

तुमच्या मुलाच्या शाळेत असा कागद भरून घेतला असेल तर तो शोधायला जाऊ नका, शिक्षकांना अक्षर ओळखायला सांगू नका. संध्याकाळी मुलाजवळ बसा आणि कोणता प्रश्न लक्षात राहिला ते विचारा. उत्तर ऐकून लगेच उपदेश केलात तर पुढच्या वेळी तो ‘कोणताच नाही’ म्हणेल. त्यानं पुडी म्हटलं तर कुणी दिली आणि कशासाठी घेतली हे आधी समजून घ्या. आपल्या स्वतःच्या डबीचं काय, हेही त्याच्यासमोर बोला, कारण तो ती रोज बघतो. मात्र त्यानं जीव नकोसा वाटतो असं म्हटलं तर ते गुपित ठेवायचं नाही. त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं कुलपात टाका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्रंदिवस फुकट आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत किशोरांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत, तिथे समुपदेशक भेटतात.

शिक्षकांशी मी जास्त स्पष्ट बोलते. मुलं लिहीत असताना बाकांमधून फिरू नका. कागद उलटे करून एकत्र पेटीत टाकायला सांगा. कुणी कोरी जागा सोडली तर भरायला लावू नका. तास संपताना, मनात काही राहिलं असेल तर कुणाकडे जायचं ते नाव आणि क्रमांक फळ्यावर लिहा. हे शेवटचं राहिलं तर बाकी सगळं व्यर्थ आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि परवानगीचं. अशा अभ्यासात पालकांची संमती आणि 12 वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची लेखी तयारी, दोन्ही घ्यायला हवं, असं आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, 2017 चे नियम सांगतात. आमच्याकडे संमतीची चिठ्ठी जानेवारीत घरी जाते आणि आई असते कर्नाटकात उसाच्या फडात. चिठ्ठीवर आजीचा अंगठा येतो. मंदाताईंची मूळ तक्रार खरं तर इथे होती आणि ती रास्त होती. त्यांना कुणी आधी सांगितलं असतं तर त्या माझ्याकडे चिडून आल्याच नसत्या.

हे त्यांनी स्वतःच शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं. पालकसभा कोयता निघायच्या आत, दसऱ्याच्या सुमारास घ्या, आणि काय विचारणार ते आम्हाला वाचून दाखवा. या वर्षी ती सभा दसऱ्याआधी झाली. मला त्यांनी प्रश्न वाचायला बोलावलं होतं. अडचणी-काळज्यांचा प्रश्न आला तेव्हा मागच्या ओळीतून एका बापानं विचारलं, “हे आम्ही फोनवर इचारलं तर चालंल का?” मी उत्तर द्यायच्या आत मंदाताईच उठून त्यांना समजावून सांगायला लागल्या.