कॅमेरा सापडत नाही म्हणून लॅपटॉप फॉरमॅट करू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लॅपटॉप चार वर्षांचा, विंडोज ११. जून-जुलै कपाटात बंद होता. आता बाहेर काढला तर कॅमेरा ॲप 'कॅमेरा सापडत नाही' म्हणते आणि खाली ४२४४ ने संपणारा लांबलचक कोड दाखवते. भाऊ बोटीवर, चवथ (गणेश चतुर्थी) दहा दिवसांवर, आणि आईला त्याला गणपती नि माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली रानफळांची चौकट, दाखवायची आहे. दुकानदार म्हणाला फॉरमॅट करून विंडोज नव्याने घालावे लागेल. तुम्ही विचारता, घालू का?

नका घालू. निदान पुढचे सगळे करून बघेपर्यंत तरी नको.

फोंड्यात मी बरीच वर्षे लॅपटॉप दुरुस्त करतो. २०२० मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा दहावीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. कॅमेरा चालत नाही म्हणून त्यांनी आधीच एकदा लॅपटॉप फॉरमॅट करून घेतला होता. त्यात तिच्या वर्षभराच्या वह्या, प्रकल्प, आजोबांचे फोटो गेले, आणि कॅमेरा होता तसाच बंद. लॅपटॉपच्या उजव्या कडेला नखाएवढी एक सरकती कळ होती. ती सरकवली, दिवा लागला. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून कॅमेऱ्यासाठी फॉरमॅट हा शब्द ऐकला की मी आधी थांबवतो.

फॉरमॅटने हा दोष क्वचितच का जातो ते सांगतो, म्हणजे पुढचे सोपे होईल. लॅपटॉपचा कॅमेरा आत बसवलेला असला तरी बहुतेक यंत्रांत तो यूएसबीवरच जोडलेला असतो, बाहेरून लावायच्या वेबकॅमसारखा. स्क्रीनच्या वरच्या काठापासून एक बारीक केबल बिजागरीतून खाली मदरबोर्डपर्यंत जाते. यूएसबी कॅमेऱ्यांसाठी यूव्हीसी नावाचे एक सामाईक मानक आहे आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारा छोटा प्रोग्राम, विंडोजमध्ये मुळातच असतो. म्हणजे केबल धड असेल आणि कुणी अडवले नसेल तर कॅमेरा आपणहून ओळखला जायला हवा. ४२४४ चा अर्थ, विंडोजला जोडलेला कॅमेराच मिळाला नाही. दुसरा एक कोड ४२४३ ने संपतो. त्याचा अर्थ कॅमेरा आहे, पण दुसऱ्या कुठल्या तरी ॲपने धरून ठेवला आहे. तो आला असता तर मी फक्त सगळी ॲप्स बंद करा एवढेच लिहिले असते.

आता आधी लॅपटॉप हातात घेऊन नीट बघा. कडेला कळ आहे का? किबोर्डच्या वरच्या ओळीत कॅमेऱ्याचे, किंवा तिरकी रेघ मारलेल्या कॅमेऱ्याचे चित्र आहे का? काही एचपी, आसूस आणि एमएसआय यंत्रांवर असते. काहींत ती कळ नुसती दाबायची, काहींत एफएन (Fn) कळीबरोबर. तिच्यात दिवा असेल तर तो लागलेला आहे का तेही बघा. काही मॉडेलवर ही कळ कॅमेऱ्याचा संबंधच तोडते, म्हणून विंडोजला तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि नेमका तुमचाच कोड येतो. भिंगासमोर सरकणारा छोटा पडदा ही वेगळी गोष्ट. तो बंद असला तर साधारणपणे कोड येत नाही, नुसते काळे किंवा करडे चित्र दिसते. कपाटात ठेवताना, पुसताना अशी कळ सहज सरकते.

मग रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. ती चालू असली तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच, अडकलेल्या ड्रायव्हरसकट, परत उठतो. स्टार्टमधला 'रीस्टार्ट' निवडला तरच सगळे नव्याने सुरू होते. त्यानेही झाले नाही तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज ये-जा करते, त्यात गोंधळलेली यंत्रे एवढ्यानेही ताळ्यावर आलेली मी पाहिली आहेत.

एवढ्याने कॅमेरा उघडला नाही तर डिव्हाइस मॅनेजरकडे, म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्या भागांच्या विंडोजमधल्या यादीकडे, चला. माझ्या मते अर्धे निदान इथेच होते. स्टार्टच्या चिन्हावर उजवी क्लिक करा, यादीतून डिव्हाइस मॅनेजर निवडा. 'कॅमेराज' किंवा 'इमेजिंग डिव्हाइसेस' अशी ओळ शोधा. ती नसेल तर वर 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'शो हिडन डिव्हाइसेस' वर टिचकी मारा आणि पुन्हा बघा.

कॅमेऱ्याच्या चिन्हावर खाली तोंड केलेला बाण असेल तर तो कुणीतरी बंद करून ठेवला आहे. उजवी क्लिक, 'एनेबल डिव्हाइस', संपले. पिवळा त्रिकोण असेल तर कॅमेरा जागेवर आहे, बहुधा ड्रायव्हर बिघडला आहे. तेव्हा उजवी क्लिक करून 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक', आणि समोर आलेल्या यादीतून 'यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस' निवडा. कंपनीच्या ड्रायव्हरऐवजी विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर लागतो. हा उपाय मला फार आवडतो, कारण फाइल कुठून उतरवावी लागत नाही आणि काही हरवतही नाही. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून इंटरनेटवर फुकट मिळणारी ॲप्स मात्र घालू नका.

आणि नाव दिसते पण फिके, धूसर? त्यावर दोनदा क्लिक करा. कोड ४५ लिहिलेला असेल तर विंडोज सांगते आहे की हा कॅमेरा मला ठाऊक आहे, पण या घडीला तो जोडलेला नाही. तुमच्या बाबतीत हेच निघेल असा माझा अंदाज आहे. कळ सरकलेली नसेल तर केबलकडे बोट जाते.

सेटिंग्जही एकदा बघून घ्या, दोन मिनिटांचे काम आहे. सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'कॅमेरा'. तिथले वरचे दोन्ही खटके चालू हवेत, आणि अगदी खाली डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळा खटका असतो तोही. तो बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. ब्राउझरमधून कॉल करत असाल तर ब्राउझरची परवानगी निराळी, पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या चिन्हावर क्लिक केली की दिसते. काही अँटिव्हायरसमध्ये वेबकॅमला कुलूप घालायची सोय असते, तीही तपासा. कॅमेरा सापडूनही चित्र येत नाही, अशा तक्रारीत दोष बहुधा या तिघांपैकी एकाचा असतो. तुमच्या कोडात शक्यता कमी, तरी बघा.

आता केबल. लॅपटॉप चालू ठेवून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि स्क्रीन अगदी हळूहळू पुढे-मागे करा, जवळजवळ मिटेपर्यंत आणि मग पूर्ण मागे. एखाद्या कोनात यादी क्षणभर थरथरली, यूएसबी लावल्यावर येतो तसा 'टुंग' आवाज आला किंवा कॅमेऱ्याचे धूसर नाव ठळक झाले, तर दोष सापडला. जोर लावू नका, बिजागरी आधीच घट्ट असेल तर अजिबात नको.

गोव्यातली हवा या कामात फार वाईट. गेल्या वर्षी पेडण्याकडच्या एका घरातला लॅपटॉप आला होता, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचा, पावसाळाभर बंद. स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची पट्टी काढली तर कॅमेऱ्याच्या टोकाला जो इवलासा कनेक्टर असतो, त्याच्या पिनांवर हिरवट पूड चढली होती, तांब्याच्या तांब्यावर कळंक चढतो अगदी तशी. पिना सहा. भिंगातून बघितल्या तर त्यांतल्या दोन एकमेकींना चिकटल्यासारख्या झालेल्या. बॅटरी सुटी केली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश बुडवून हलक्या हाताने घासले, पूर्ण वाळू दिले, केबल परत दाबून बसवली. कॅमेरा लागला आणि अजून चालतो. त्यांना आधी कुणीतरी पूर्ण स्क्रीन बदलायला सांगितली होती.

हे घरी करू नका. ती पट्टी बारीक खाचांनी आणि गोंदाने बसवलेली असते, चुकीच्या जागी पकडली तर स्क्रीनला तडा जातो. पण दुकानात जाताना नेमके काय सांगायचे ते ठरवून जा: 'बेझल (स्क्रीनभोवतीची ती पट्टी) उघडून कॅमेऱ्याचा कनेक्टर साफ करा आणि केबल परत बसवून बघा.' भाग बदलावा लागलाच तर जुना भाग परत मागा. कॅमेऱ्याचे मोड्यूल म्हणजे बोटभर लांबीची पट्टी असते, बहुतेक मॉडेलमध्ये ते सुटे मिळते.

तरीही दुकानदार विंडोजचाच दोष आहे म्हणाला, तर ते पडताळायचा सोपा मार्ग आहे. पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी, फुकट मिळणारी प्रणाली) घालून लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि 'ट्राय उबुंटू' निवडा. 'इन्स्टॉल' ला हात लावायचा नाही, म्हणजे तुमची डिस्क जशीच्या तशी राहते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एलएसयूएसबी (lsusb) ही आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहा. यूएसबीवरच्या सगळ्या वस्तूंची यादी येते. त्यात कॅमेरा किंवा वेबकॅम असे नाव दिसले तर केबल बहुधा ठीक आहे आणि विंडोजमध्ये शोधायला अर्थ आहे. तिथेही नसेल, तर दहा वेळा विंडोज घातले तरी काही होणार नाही. मात्र त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, कॅमेऱ्याचा पर्याय 'डिसेबल्ड' वर नाही ना, एवढे बघून घ्या. ऑफिसच्या वापरासाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये तो बऱ्याचदा असतो. माझ्या दुकानात फॉरमॅटचा निर्णय मी या चाचणीशिवाय घेत नाही. तुमच्या ओळखीत कुणी कॉलेजचा मुलगा असेल तर त्याला अर्धा तास बसवा, तो करून देईल.

दहा दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर बाहेरून लावायचा साधा वेबकॅम आणा. तो थेट लॅपटॉपच्या यूएसबीत लावा. माऊस, पेन ड्राइव्ह आणि प्रिंटर आधीच लटकलेल्या हबमध्ये (एका यूएसबीचे अनेक करणाऱ्या डबीत) नको. कारण सांगतो. यूएसबी २ ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि न दाबलेले (कॉम्प्रेस न केलेले) ६४० बाय ४८० चे साधे चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवले तरी त्यातले सुमारे १४७ मेगाबिट खर्ची पडतात. त्यात हबची वीजही सगळ्यांत वाटली जाते. मग कॅमेरा मध्येच तुटतो आणि माणूस पुन्हा ड्रायव्हरच्या मागे लागतो. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रावर आडव्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर कॅमेरा ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'फ्लिकर रिडक्शन' ५० हर्ट्झवर ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि काही कॅमेरे ६० वर लावलेले येतात.

खरे तर माटोळी दाखवायला लॅपटॉपचा कॅमेरा मुळात अडचणीचाच. माटोळी डोक्यावर टांगलेली, लॅपटॉप किती उचलून धरणार? नारळ, सुपारीचे घोस, तोरंजन, कवंडळे, भावाला एकेक वस्तू जवळून बघायची असणार, ती कुणी बांधली आणि रानातून काय काय आणले हेही विचारणार. तुम्ही लिहिले आहे की आईला फोनच्या छोट्या पडद्यावर त्याचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून लॅपटॉप हवा. तर त्याच कॉलमध्ये दोन्ही जोडा. लॅपटॉप आईसमोर ठेवा, त्याचा कॅमेरा नसला तरी कॉल लागतो, भाऊ मोठा दिसतो, आवाज येतो. फोन दुसरा सदस्य म्हणून त्याच कॉलमध्ये घ्या, मागचा कॅमेरा निवडा आणि तो हातात घेऊन फिरा. फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर दोन यंत्रांच्या मध्ये आवाज घुमतो आणि आरती ऐकूच येत नाही. बोटीवरचे इंटरनेट सॅटेलाइटचे असेल तर चित्र अडखळेल, तेव्हा एचडी बंद ठेवा आणि फोन सावकाश फिरवा. एकदा आधीच्या आठवड्यात भावाला वेळ विचारून तालीम करा, त्याची ड्युटी कधी असते ते तुम्हालाच ठाऊक.

आज रात्री तीन गोष्टी बघून इथेच लिहा: लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल (तळाला चिकटवलेल्या कागदावर असते), डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेऱ्याचे नाव ठळक, धूसर की मुळीच नाही, आणि स्क्रीन हलवल्यावर काही फरक पडला का. मॉडेल कळले की कॅमेरा बंद करायची कळ कुठे आहे ते मी शोधून सांगतो. केबलचे निघाले तर लॅपटॉप घेऊन फोंड्याला या, चवथीआधी करून देतो.