इंजिन खोलण्याआधी लाल दोरी शोध

बोट घेतलीस, छान! आता तळात पाणी दिसलं की लगेच सेन्सर, अलार्म आणि मोबाइल ॲपच्या मागे लागू नकोस. तेलाचा तवंग नसेल तर त्यात बोट बुडव (हाताचं!) आणि जिभेला लाव. खारट लागलं तर समुद्र आत येतोय, गोडं असेल तर पावसाचं किंवा टाकीचं.

मीही काही शहाणा नव्हतो. वर्सोव्याच्या खाडीत एकदा आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) सुरू होईना. दोन तास प्लग काढले, कार्ब्युरेटर उघडला, कोपरापर्यंत काळा झालो. शेजारच्या होडीतले तांडेल (होडीचे प्रमुख) चहा पीत बघत होते. शेवटी म्हणाले, "शेट, ती लाल दोरी लावा की." त्या दोरीची, म्हणजे किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप माझ्याच खिशात! ती लावल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही.

तेव्हा आधी एवढंच बघ:

- क्लिप जागेवर आहे ना?
- पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? बंद असेल तर इंजिन थोडं चालून गुदमरतं.
- बॅटरीचे टर्मिनल. खाऱ्या हवेनं त्यांवर पांढरा-हिरवा थर चढतो. अख्खं वायरिंग बदलायला निघण्याआधी ते घासून आवळ. नव्वद टक्के नवे इथेच पैसे घालवतात, हा आपला माझा अंदाज.

सोलर, इन्व्हर्टर वगैरे पावसाळ्यात बोट वर ओढलीस की बोलू.