‘लिहून घर चालेल का?’ : कॉपीरायटिंगकडे वळलेल्या एका विद्यार्थिनीचा अनुभव

‘मुलांना लिहायला आवडते, पण त्यावर घर चालेल का?’ हा प्रश्न सांगलीतील माझ्या समुपदेशनात दर वर्षी अनेक पालक विचारतात. त्याला एका वाक्यात उत्तर देणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही, म्हणून येथे एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या व तिच्या वडिलांच्या संमतीने सांगत आहे. तिचे आणि गावाचे नाव दिलेले नाही.

तासगाव तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार मुलीला घेऊन आले होते. मुलीने मराठी विषय घेऊन बी. ए. केले होते. तिने स्पर्धा परीक्षेची तयारी करावी अशी घरच्यांची इच्छा होती, तर तिला कॉपीरायटर व्हायचे होते. वडिलांनी बसताक्षणीच विचारले, “मॅडम, कॉपी म्हणजे नक्कलच की ओ. त्यासाठी पोरीनं बी. ए. केलं व्हय?” त्यांचा गैरसमज अगदी स्वाभाविक होता. लेखकाच्या हक्काविषयीचा कॉपीराइट आणि हा व्यवसाय यांची गल्लत तर सुशिक्षित माणसेही करतात. जाहिरातीतील शब्दांना त्या क्षेत्रात कॉपी म्हणतात आणि ते शब्द लिहिणारा तो कॉपीरायटर. होर्डिंगवरची ओळ, पाकिटामागचा मजकूर, रेडिओवरची 30 सेकंदांची जाहिरात, मोबाइलवर येणारा बँकेचा संदेश, अ‍ॅपमधल्या बटणावरचे दोन शब्द, हे सगळे कोणीतरी बसून, खोडून, पुन्हा लिहिलेले असते. जाहिरात संस्थेत हे काम एकट्याने होत नाही. ग्राहक कंपनीकडून आधी ‘ब्रीफ’ येते, म्हणजे वस्तू कोणती, ती कोणाला विकायची आणि त्या माणसाला नेमके काय सांगायचे याचे टिपण, आणि त्यावर कॉपीरायटर व चित्रांची बाजू पाहणारा आर्ट डायरेक्टर जोडीने विचार करतात. प्रत्यक्ष लिहिण्यापेक्षा अधिक वेळ घेणाऱ्याच्या मनातील अडचण शोधण्यात जातो.

हे वडिलांना पटवण्यासाठी मी आपल्या जिल्ह्यात कारखाना उभारलेल्या किर्लोस्करांचे उदाहरण दिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. नांगरात खोट नव्हती. अडचण शेतकऱ्याच्या मनातल्या भीतीची होती आणि तिला कोणीतरी उत्तर देणे गरजेचे होते. पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी तेथून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठीच. वडील शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हंजे माल चांगला असून भागत न्हाई, तो सांगावाबी लागतो.” कॉपीरायटिंगची याहून नेमकी व्याख्या मला आजवर करता आलेली नाही.

मुलीने कवितांची वही आणली होती. कविता खरोखर चांगल्या होत्या, परंतु केवळ त्यांच्या आधारे मी तिला होकार देणे चुकीचे ठरले असते. कवितेत कवी स्वतःच्या मनातले बोलतो. येथे दुसऱ्याच्या मनातले ऐकून तिसऱ्याच्या वतीने बोलावे लागते. तिच्या मामांचे गणपती पेठेत मसाल्याचे दुकान आहे आणि ते घरीच दळलेली हळद पाकिटांत भरून विकतात, हे बोलता बोलता कळले. त्या पाकिटासाठी एक ओळ लिहून आण, असे मी तिला सांगितले.

आठवड्याने तिने ओळ आणली: ‘सुवर्णकांती लाभलेली, हरिपूरच्या पेवांत मुरलेली, मधुमेहावर गुणकारी अस्सल सांगली हळद, आरोग्याची गुरुकिल्ली!’ आम्ही त्या एका ओळीवर तासभर बसलो. हरिपूरची पेवे, म्हणजे हळद साठवण्याची ती जमिनीखालची कोठारे, सांगलीच्या अभिमानाचा विषय आहेत, पण मामांची हळकुंडे गोदामातून येत होती. तेव्हा ते वाक्य खोटे होते. ‘मधुमेहावर गुणकारी’ हे त्याहून गंभीर होते. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही आणि अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 53 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे हे खरे, पण ते पाकिटावर मिरवायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि मामांची ती नव्हती. हे सगळे वगळल्यावर उरली ‘सुवर्णकांती’ आणि ‘गुरुकिल्ली’, आणि हे शब्द कोणत्याही हळदीला, किंबहुना केशराला किंवा तुपालाही, तसेच लावता आले असते. तिचा चेहरा उतरला. मी तिला दुसरी ओळ लिहू दिली नाही; तीन दिवस दुकानात गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइके काय विचारतात तेवढेच, त्यांच्याच शब्दांत, लिहून आणायला सांगितले.

ती वही मी आजही नव्या विद्यार्थ्यांना दाखवते. ‘रंग घातलेला नाही ना?’ ‘मागच्या वेळची कडू लागली.’ ‘लोणच्याला चालेल का?’ आणि वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून सात वेळा आलेला एक प्रश्न: ‘कधी दळली?’ मामा प्रत्येक वेळी खरे उत्तर तोंडी देत होते, कारण दळण दर आठवड्याला होत असे. पाकिटाच्या दर्शनी बाजूला मात्र त्याचा पत्ता नव्हता. मुलीने नवी ओळ लिहिली: ‘ही हळद दळली : दिनांक ____’. पुढची रिकामी जागा दर आठवड्याला रबरी शिक्क्याने भरायची. विशेषण एकही नाही. मामांनी आधी कुरकुर केली, मग शिक्का करून घेतला. ती शिक्क्याचे पहिले पाकीट घेऊन आली तेव्हा शाई किंचित पसरलेली होती आणि ती स्वतः ते पुन्हा पुन्हा वाचत होती. हे काम तिला जमेल, असे मला त्या क्षणी वाटले.

त्यानंतरचा रस्ता सोपा नव्हता आणि मी तो सोपा करून सांगितलाही नाही. “माझं इंग्रजी कच्चं आहे,” ही तिची खरी भीती होती. मोठ्या मोहिमा बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत आखल्या जातात, ब्रीफ इंग्रजीत येते, आणि मराठी कॉपीरायटरच्या वाट्याला सुरुवातीला त्यांचे मराठी रूप करण्याचेच काम फार येते. म्हणून इंग्रजी वाचून पूर्ण समजलेच पाहिजे, बोलण्यातला अडखळ मात्र चालतो, असे मी तिला स्पष्ट सांगितले. संगणक मिनिटात दहा ओळी लिहून देतो, मग मला कोण बोलावेल, हाही तिचा प्रश्न होता. त्यावर मी खोटा दिलासा दिला नाही. वस्तूंची साचेबंद वर्णने लिहिण्याचे काम आता यंत्राकडे चालले आहे आणि नवशिक्यांची पहिली पायरी त्यामुळे अवघड झाली आहे. परंतु तिची पहिली ओळ यंत्राने लिहावी तशीच होती, आणि दुसरी ओळ गल्ल्याशेजारी बसल्याशिवाय कोणालाच सुचली नसती.

महागड्या अभ्यासक्रमाला पैसे भरण्याऐवजी तिने सहा महिने नमुने तयार केले: मिरजेतील एका वाद्य कारागिराचे माहितीपत्रक, एका दूध संकलन केंद्राची सूचना, एका दवाखान्याचे संदेश, शिवाय रेडिओसाठी 20 सेकंदांच्या दोन काल्पनिक जाहिराती, घड्याळ लावून मोठ्याने वाचलेल्या. प्रत्येक नमुन्याखाली अडचण काय होती आणि हेच शब्द का निवडले, हे तीन ओळींत लिहायचे, हा माझा आग्रह होता, कारण नमुने पाहणाऱ्याला ओळीइतकाच तिच्यामागचा विचार पाहायचा असतो. ओळखीच्या माणसांकडूनही थोडे का होईना पैसे आगाऊ घ्यायचे आणि दुरुस्त्या किती वेळा करून देणार हे आधीच लिहून द्यायचे, हेही ठरवले. यात ती प्रारंभी फसली. एका व्यावसायिकाने अकरा वेळा बदल करून घेतले आणि पैसे दिलेच नाहीत.

पुण्यातील पहिल्या जाहिरात संस्थेच्या कॉपी टेस्टमध्ये, म्हणजे लेखनाच्या चाचणीत, ती नापास झाली. दुसऱ्या संस्थेने तिला प्रशिक्षणार्थी म्हणून घेतले. तेथे मिळणारा पगार पुण्यात राहण्या-जेवण्यापुरता आहे आणि पहिली दोन वर्षे तशीच जातील हे वडिलांनी आधीच मान्य केले होते. त्या मुदतीनंतर पुन्हा बसून विचार करायचा, असे आमचे तिघांचे ठरले आहे.

गेल्या महिन्यात तिच्याकडे बॅटरीवरच्या फवारणी पंपाची जाहिरात मराठीत करायला आली. मूळ मजकुराच्या भाषांतरात ‘फवारणी करा’ असे होते. तिने रात्री वडिलांना फोन करून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “बागेत फवारणी कोण म्हणतंय? आम्ही औषध मारतो.” दोन दिवसांनी त्यांचा मला फोन आला. मुलीला कामात त्रास नको म्हणून तिला विचारले नव्हते, पण त्यांचा शब्द जाहिरातीत राहिला की काढून टाकला, एवढे त्यांना माझ्याकडून कळून घ्यायचे होते.