प्रो बॉक्सिंगमध्ये जोड कोण लावतो?

नमस्कार ताई,

कोल्हापूरहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा 17 वर्षांचा, बारावी सायन्सला. तीन वर्षं बॉक्सिंग करतोय, गेल्या वर्षी राज्य स्पर्धेत ब्राँझ मिळवलं. आता जिममध्ये येणारे एक गृहस्थ त्याला म्हणतायत, ‘अमॅच्युअरमध्ये वय घालवू नकोस, 60 हजार भर, तुझं प्रो पदार्पण करून देतो.’ (अमॅच्युअर म्हणजे पदकांसाठीच्या स्पर्धा, प्रो म्हणजे पैशांसाठी लढायचं व्यावसायिक बॉक्सिंग.) मुलगा हट्टाला पेटलाय, त्याचे बाबा या विषयावर बोलायलाच तयार नाहीत आणि एके काळी तालमीत घुमलेले तुमचे सासरे म्हणतायत, ‘जाऊ दे पोराला.’ यात करिअर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

60 हजार देऊ नका. एवढं आधी सांगून टाकतो.

का, ते सासऱ्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल. कुस्तीच्या मैदानात जोड कोण लावतं, यावर पैलवानाचं नाव होणं न होणं बरंचसं ठरतं. प्रो बॉक्सिंगचा सगळा धंदाच जोड लावण्याचा आहे. अमॅच्युअर स्पर्धेत ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी लढणार याची सोडत, निघतो आणि समोर येईल त्याच्याशी तीन-तीन मिनिटांच्या तीन राऊंड खेळायच्या असतात. प्रोमध्ये अशी सोडत नाही. तिथे मॅचमेकर गडी निवडतो. ज्याला वर आणायचंय त्याला सुरुवातीला बेताचे गडी दिले जातात. ही नुरा कुस्ती, म्हणजे आधी निकाल ठरवलेली लढत, नव्हे; समोरचाही खरंच लढतो. फक्त तो कोण असावा, हे आधी ठरलेलं असतं.

तो ‘समोरचा’ कोण असतो? इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा पीटर बकली बघा. 300 लढती, त्यात 32 विजय, 256 पराभव आणि 12 बरोबरीत. 2008 साली तो निवृत्त झाला, आणि गंमत म्हणजे शेवटची लढत जिंकून. कच्चा गडी नव्हता तो; पुढे जगज्जेता झालेल्या नसीम हमीदसमोर दोनदा उभा राहिला होता. पण त्याचं काम वेगळं होतं. आयत्या वेळी बोलावलं तरी जायचं, उगवत्या पोराला चार-सहा राऊंडचा सराव द्यायचा आणि स्वतः धड घरी यायचं, कारण पुढची लढत ठरलेली. तिथल्या लहान हॉलमधल्या लढतींत घरचा बॉक्सर स्वतः तिकिटं विकतो आणि त्यातून पाहुण्या बॉक्सरचं मानधन निघतं. चार लोकांना माहीत असलेली नावं सोडली, तर बऱ्याच बॉक्सरांचा संसार हा असा चालतो. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण तुमच्या मुलाच्या डोळ्यांसमोर हे चित्र आहे का?

त्याच्या मोबाईलवर विजेंदर सिंगचे व्हिडिओ असणार. विजेंदर 2015 मध्ये प्रो झाला, तेव्हा बीजिंग ऑलिम्पिकचं ब्राँझ मिळवून सात वर्षं झाली होती आणि हरियाणा पोलिसांतली नोकरी हाताशी होती. प्रोमधल्या पहिल्या 12 लढती जिंकला. तेरावी मार्च 2021 मध्ये, आपल्या शेजारी पणजीत, कॅसिनोच्या जहाजाच्या छतावर. तिथे रशियाच्या आर्तिश लोप्सानने त्याला हरवलं. कर्नालचा निशांत देव जागतिक स्पर्धेचं ब्राँझ आणि पॅरिस ऑलिम्पिक करून मग प्रो झाला, जानेवारी 2025 मध्ये, 24 व्या वर्षी. म्हणजे अमॅच्युअरमधली वर्षं वाया गेली नाहीत. प्रमोटरने, म्हणजे लढती भरवणाऱ्याने, पैसे लावले ते त्या वर्षांकडे बघून. पैसे प्रमोटर लावतो, ताई, बॉक्सरचे आईवडील नाही.

आणि नोकरीचं गणितही इथेच आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. सैन्यदल, रेल्वे, पोलीस खेळाडूंची भरती करतात. ते बघतात मान्यताप्राप्त स्पर्धांतली पदकं. पैसे भरून मिळवलेल्या प्रो विजयाला तिथे कुणी विचारत नाही. बॉक्सर अमित पंघाल हरियाणाचा, पण सैन्यात तो महार रेजिमेंटचा. आपल्याकडच्या पोरींनीही करून दाखवलंय: नागपूरची अल्फिया पठाण 2021 मध्ये आणि पुण्याची देविका घोरपडे 2022 मध्ये युवा जगज्जेती झाली. तुमच्या मुलाचं वयही आत्ता युवा गटाचंच आहे. पुढची दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेत पोचायला द्या. नाहीच जमलं, तर पदवीनंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत (एनआयएस) प्रशिक्षकाचा डिप्लोमा करता येतो.

आता त्याच्या बाबांच्या गप्प बसण्याबद्दल. मला वाटतं, त्यांना डोक्यावरच्या माराची भीती आहे आणि ती खोटी नाही. ठोसे खाऊन मेंदूवर होणारा परिणाम डॉक्टर 1928 पासून लिहीत आलेत. ब्रिटनमध्ये प्रो परवान्यासाठी दरवर्षी मेंदूचा एमआरआय लागतो. शिवाय स्पर्धेपेक्षा सरावातला मार जास्त साठतो. म्हणून प्रशिक्षकांना विचारा, आठवड्यातून किती दिवस जोरात स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, होते? डोक्याला जोरात लागल्यावर पोराला किती दिवस बाहेर बसवता? आणि वजनाकडे स्वतः लक्ष ठेवा. एका जिममध्ये मी बघितलं होतं: मे महिना, पोरगा प्लास्टिकचं जॅकेट घालून दोरीवर उड्या मारतोय, ओठ फुटलेले, आणि तोंडातलं पाणी गिळायचं नाही म्हणून बाटलीत थुंकतोय. सगळं वजनगटात बसायला, 400 ग्रॅमसाठी. तुमच्या घरात खुराक समजणारा माणूस आहे, हे त्या पोराच्या नशिबात नव्हतं.

त्या गृहस्थांना घरी बोलवा. सासरे आणि बाबा दोघेही असू देत. विचारा: समोरचा गडी कोण? रिंगशेजारी डॉक्टर आणि रुग्णवाहिका कुणाची? दुखापतीचा खर्च कोण करणार? मुलाला मिळणार किती? उत्तरं कागदावर मागा. मुलालाही तिथे बसवा, पण त्याच्यावर चिडू नका. तो फसलेला नाही, घाईत आहे.

एक राहिलंच. राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळू शकतात, पण प्रस्ताव कॉलेजातून वेळेत जावा लागतो. ऑफिसात जाऊन विचारून या, दरवर्षी कुणाचा तरी राहतो.